नसबंदीनंतरही कुत्र्याचे वागणे बदलले नाही, तर कोठे पाहावे

"नसबंदीला दोन महिने झाले, पैसेही गेले, आणि कुत्रा अजून रात्री साखळी ओढून पळतोच आहे, मग उपयोग काय झाला?" रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात मळ्यावर कुत्री पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न मी दरवर्षी भाद्रपद लागला की ऐकते. त्याच्या जोडीला इतर तक्रारीही असतात. नर अजून खांबाखांबावर लघवी करतो, मादी शस्त्रक्रियेनंतर उलट चिडकी झाली, राखण करणारा कुत्रा आता नुसता झोपून राहतो, किंवा शांत होईल म्हणून नसबंदी केलेला कुत्रा पाहुण्यालाच चावला. या सगळ्या तक्रारी "नसबंदी लागू पडली नाही" या एकाच वाक्यात सांगितल्या जातात, परंतु त्यांची कारणे एकमेकांपासून फार वेगळी आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय कोणताही उपाय लागू पडत नाही. मी डॉक्टर नाही. मळ्यावर कुत्री सांभाळताना, त्यांच्या पशुवैद्यकांना विचारून आणि स्वतः चुकून जे कळले, ते येथे लिहीत आहे.

आपल्याकडे नसबंदीकडून जी अपेक्षा असते, ती मुळात बैलावरून आली आहे, असे मला वाटते. खोंड बडवला की त्याचा मारकेपणा जातो आणि तो जुवाखाली चालू लागतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत, आणि म्हणून कुत्र्याचेही तसेच व्हावे असे धरून चालतो. परंतु खोंडाला नुसते बडवून दुसऱ्या दिवशी कोणी औताला जुंपत नाही. त्याच्या मानेला जुवाची सवय करावी लागते, त्याला जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला लावून फिरवावे लागते, आणि हे काम कित्येक आठवडे चालते. कुत्र्याच्या बाबतीत आपण पहिले काम डॉक्टरांकडून करून घेतो आणि दुसरे करायचे राहून जाते. शस्त्रक्रियेने शरीरातील संप्रेरकांची ओढ जाते. मनात बसलेली भीती, अंगवळणी पडलेली सवय आणि लहानपणी न लागलेले वळण यांना ती हात लावत नाही. प्रत्येक तक्रारीच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे वागणे ओढीतून येते की भीतीतून, सवयीतून किंवा दुखण्यातून येते.

किती दिवस झाले आणि नेमके काय काढले?

नराचे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुख्यतः वृषणांत तयार होते आणि वृषणे काढल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण एखाद्या दिवसातच अगदी खाली येते. वागणे मात्र तितक्या वेगाने बदलत नाही. काही कुत्र्यांत पहिल्या पंधरवड्यात फरक दिसतो, तर काहींमध्ये तो हळूहळू, काही महिन्यांत पडतो. त्यामुळे तीन आठवड्यांत निकाल लावू नये. याच काळात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी तयार झालेले शुक्राणू नलिकांमध्ये काही आठवडे टिकून राहू शकतात, म्हणून ताज्या नसबंदीचा नर किमान महिना-दीड महिना माजावरच्या मादीपासून दूर ठेवावा. नसबंदी झालेल्या नरापासून पिल्ले झाली, असा आरोप ज्या डॉक्टरांवर केला जातो, त्यांची पुष्कळदा काहीच चूक नसते.

तीन-चार महिने उलटूनही नर पूर्वीइतकाच मादीच्या मागे असेल, तर कागद काढून पाहावा की दोन्ही वृषणे काढली होती का. काही नरांचे एक वृषण पिशवीत उतरतच नाही. ते पोटात किंवा जांघेत अडकून राहते. अशा कुत्र्याचे दिसणारे एकच वृषण काढले, तर बाहेरून सारे काम झालेले दिसते, पण आत राहिलेले वृषण संप्रेरक बनवतच राहते. पुढे त्यात गाठ होण्याचा धोकाही अधिक असतो. सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी यांतून याचा उलगडा होतो. ज्या पिल्लाचे एकच वृषण हाताला लागते, त्याच्या मालकाने ही गोष्ट शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावी.

नर अजून पळतो, चढतो, लघवीच्या खुणा करतो

माद्यांच्या शोधात भटकणे, दुसऱ्या कुत्र्यांवर किंवा माणसांच्या पायावर चढणे, घरात पाय वर करून थोडी थोडी लघवी करणे आणि मादीवरून इतर नरांशी भांडणे, या चार गोष्टींवर नसबंदीचा परिणाम सर्वांत जास्त होतो. तरीही तो किती होतो, याचा अंदाज आधी असलेला बरा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५७ नर कुत्र्यांच्या वागण्याची पाहणी केली होती. भटकणे, चढणे आणि घरात खुणा करणे या सवयींत सुमारे ६० टक्के किंवा त्याहून अधिक कुत्री निम्म्याने तरी सुधारली होती, पण सवय जवळजवळ पूर्ण सुटली असे कुत्रे २५ ते ४० टक्केच होते. शस्त्रक्रियेच्या वेळचे वय आणि सवय किती जुनी आहे, यांचा निकालाशी संबंध आढळला नाही, ही त्यातील दिलासा देणारी बाब आहे. पाच वर्षांच्या कुत्र्याला आता काय फरक पडणार, असे म्हणून शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नाही. मात्र बहुतेक कुत्र्यांमध्ये थोडी सवय उरतेच, आणि ती उरलेली सवय आपल्यालाच मोडावी लागते.

आमच्या शेजारच्या मळ्यातील बापूंचा काळू हे याचे चांगले उदाहरण आहे. श्रावणात त्याची नसबंदी झाली आणि भाद्रपदात तो पुन्हा दोन-दोन रात्री बाहेर राहू लागला, तेव्हा बापू फार निराश झाले होते. आपल्याकडच्या मोकाट माद्या मोठ्या प्रमाणात पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात, म्हणून तर भाद्रपद आणि कुत्री यांची जोडी आपल्या बोलण्यात इतकी पक्की बसली आहे. अनुभवी नराला नसबंदीनंतरही त्या वासाचा अर्थ कळतो. काही नर मादीवर चढतात आणि अडकतातही. शिवाय काळू केवळ मादीसाठी जात नव्हता. दिवसभर तो विहिरीजवळच्या निंबाला बांधलेला असे, रात्री सुटला की गावाकडच्या टोळीत मिसळे आणि पहाटे तेथेच एका हॉटेलामागे त्याला खायला मिळे. ही सोबत आणि ही मेजवानी संप्रेरकांमुळे नव्हती, त्यामुळे ती शस्त्रक्रियेने जाण्यासारखीही नव्हती.

बापूंनी मग तीन गोष्टी केल्या. सकाळी पाणी सोडायला जाताना आणि संध्याकाळी परतताना काळूला दोरीने सोबत नेऊन चांगले फिरवणे सुरू केले, रात्रीची भाकर अंधार पडण्यापूर्वी न देता दार लावल्यानंतर खळ्यातच देऊ लागले, आणि कुंपणाचा खालचा भाग, जिथून तो निसटत असे, तो तुऱ्हाट्या व तार लावून बंद केला. पळून परत आल्यावर त्याला मारणे त्यांनी थांबवले, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरी परतल्यावर मार मिळतो एवढेच कुत्र्याला कळते, आणि मग तो परत यायलाच उशीर करतो.

घरातल्या खुणांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर जागा नुसती फिनाइलने पुसल्यास वास झाकला जातो, जात नाही, आणि कुत्रा तेथेच पुन्हा पाय वर करतो. आधी कोरडी टिपून घ्यावी, साबणाच्या पाण्याने धुवावी, नंतर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसावी, आणि काही दिवस त्या जागी त्याच्या जेवणाचे ताट ठेवावे. जेथे जेवतो तेथे कुत्रा सहसा लघवी करत नाही.

मादी शस्त्रक्रियेनंतर चिडकी झाली

ही तक्रार माझ्याच घरी घडली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. आमची सोनी माजावर येऊन गेल्यावर साधारण सहा आठवड्यांनी मी तिची नसबंदी करून घेतली. माज कधी संपला हे डॉक्टरांनी विचारले नाही आणि सांगावे असे मलाही सुचले नाही. टाके व्यवस्थित भरत होते, पण आठवड्याच्या आत तिने केळीच्या वाळलेल्या पानांच्या ढिगात खड्डा केला, माझ्या मुलीची रबरी चप्पल तेथे नेऊन ठेवली आणि तिच्याभोवती अंग मुडपून बसू लागली. मुलगी चप्पल घ्यायला गेली तेव्हा सोनी दात दाखवून गुरगुरली. जिच्या अंगाखांद्यावर मुलगी खेळली, तिचे ते तोंड पाहून मी घाबरले, आणि शस्त्रक्रियेने कुत्रीचा स्वभावच बिघडला, अशी माझी पक्की समजूत झाली. तिच्या सडांतून दूध येताना दिसले तेव्हा मात्र हे काही वेगळे आहे, हे ध्यानात आले.

ही खोटी गर्भधारणा होती. कुत्री माजावर येऊन गेल्यावर, ती गाभण असो वा नसो, तिची अंडाशये सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन बनवत राहतात. ते प्रमाण उतरू लागले की प्रोलॅक्टिन हे दुधाचे संप्रेरक वाढते, आणि शरीराला वाटते की पिल्ले झाली. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्येही हे पुष्कळदा घडते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. पण या दोन महिन्यांच्या मध्येच अंडाशये काढली, तर प्रोजेस्टेरॉन एकाएकी खाली येते, प्रोलॅक्टिन उसळते, आणि ही अवस्था कधी कधी महिनोन्‌महिने रेंगाळते. घर करणे, वस्तू राखणे, गुरगुरणे, खाणे कमी होणे ही सारी त्याची लक्षणे आहेत. मालकाला ती "नसबंदीमुळे आलेला रागीटपणा" वाटतात.

उपाय असा, की तिने राखलेली वस्तू तिच्यासमोर हिसकावून घेऊ नये. ती फिरायला बाहेर गेली असताना गुपचूप काढून ठेवावी आणि खड्डा बुजवावा. मुलांना तिच्या बसण्याच्या जागेजवळ जाऊ देऊ नये. सड दाबून दूध काढू नये, कारण रिकामे होतील तितके दूध वाढते. ती स्वतः फार चाटत असेल, तर गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालावी. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा सड लाल, गरम आणि कठीण झाले, तर पशुवैद्यकांना दाखवावे. प्रोलॅक्टिन कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्या त्यांच्याच सल्ल्याने द्याव्या लागतात. सोनीला त्या द्याव्या लागल्या आणि त्यानंतर ती पूर्ववत झाली. हे टाळता आले असते. मादीची नसबंदी माज संपल्यानंतर तीन ते चार महिन्यांनी, म्हणजे दोन माजांच्या मध्यावर करावी. कॅलेंडरवर माजाच्या पहिल्या रक्ताची तारीख लिहून ठेवली, तर डॉक्टरांनी न विचारताही ती आपल्याला सांगता येते. याला एक मोठा अपवाद आहे. माजानंतर महिना-दोन महिन्यांनी मादी सुस्त झाली, फार पाणी पिऊ लागली, किंवा तिच्या योनीतून पू येऊ लागला, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. तेथे मुहूर्त पाहायचा नसतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नसबंदी झालेल्या मादीला काही महिन्यांनी पुन्हा रक्तस्राव होऊन नर मागे लागत असतील, तर अंडाशयाचा एखादा तुकडा आत राहिलेला असू शकतो. लक्षणे दिसत असतानाच तपासणीला न्यावे, कारण योनीतील पेशींचा नमुना तेव्हाच खरे सांगतो. तुकडा सापडल्यास पुन्हा शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे अनेक गरीब माद्या विनाकारण मार खातात. नसबंदीनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही माद्यांचे, विशेषतः मोठ्या बांध्याच्या माद्यांचे, झोपेत असताना मूत्र पाझरते. ती उठते तेव्हा तिची चादर ओली असते आणि तिला स्वतःलाही ते कळलेले नसते. लघवीच्या वाटेचा झडपेसारखा स्नायू सैल पडल्यामुळे हे होते. त्यावर औषध आहे आणि बहुतेक माद्यांना ते लागू पडते. जागेपणी, वारंवार, थोडी थोडी किंवा रक्त मिसळलेली लघवी होत असेल, तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो, म्हणून मूत्र तपासून घ्यावे. शिक्षा या दोन्हीपैकी कशाचाही उपाय नाही.

"आते तो भुकस बी नही"

नसबंदी केली की कुत्रा राखण सोडतो, या भीतीने मळ्यावरचे कितीतरी लोक शस्त्रक्रिया टाळतात. परक्यावर भुंकणे, आपले आवार सांभाळणे हे टेस्टोस्टेरॉनवर फारसे अवलंबून नसते, आणि म्हणूनच मादीही उत्तम राखण करते. कुत्रा खरोखर मंदावला असेल, तर त्याचे वजन पाहावे. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होते. आपण मात्र तितकीच किंवा जास्त कळण्याची भाकर आणि दूध घालत राहतो. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहता कंबर दिसली पाहिजे. भाकर कमी करावी, अंडी किंवा उकडलेले मांस थोडे वाढवावे, आणि कांदा-लसणाच्या रश्शात कालवलेले उष्टे अन्न तर मुळीच घालू नये, कारण कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना अपाय करतात.

वजन वाढलेले नसतानाही कुत्रा गळून गेला असेल, तर नसबंदीला दोष देण्याआधी गोचिडांचा विचार करावा. गोचीड ताप आपल्याकडे फार आढळतो आणि त्यात रक्तातील प्लेटलेट घटतात. नसबंदीपूर्वी रक्त तपासून घेण्याचा आग्रह मी यासाठीच धरते, कारण अशा कुत्र्यावर शस्त्रक्रिया केली तर रक्तस्रावाचा धोका असतो. वेळही पाहावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गळ्यात कॉलर घातलेल्या कुत्र्याला धाप आवरत नाही, आणि पावसाळ्यात माश्यांमुळे जखमेत किडे पडण्याची भीती असते. तारखेची निवड आपल्या हाती असेल, तर हिवाळा बरा. टाके असेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, कुत्रा जवळ गेल्यावर गुरगुरत असेल, तर तो दुखण्यामुळे गुरगुरतो, असे धरून वेदनाशामक औषधासाठी डॉक्टरांशी बोलावे. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

तो अजून चावतो

येथे मी सर्वांत सावधपणे लिहिते. भीतीने चावणे, ताटाजवळ कोणी आल्यावर चावणे, अनोळखी माणसावर धावणे, मोटारसायकलीच्या चाकामागे लागणे यांवर नसबंदीचा भरवसा धरता येत नाही. मालकांना प्रश्न विचारून केलेल्या काही मोठ्या पाहण्यांत, लहान वयात नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये भित्रेपणा थोडा अधिक आढळला आहे. त्यामुळे मुळात लाजरा, आवाजाला दचकणारा, शेपूट पोटाखाली घालणारा कोवळा नर असेल, तर केवळ स्वभाव सुधारावा म्हणून घाई करू नये. आधी त्याची भीती कमी करण्यावर महिना-दोन महिने घालवावेत आणि मग डॉक्टरांशी ठरवावे. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर यांसारख्या मोठ्या जातींमध्ये सांध्यांच्या दृष्टीनेही वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे वर्षभर तरी थांबण्याचा सल्ला अनेक पशुवैद्यक देतात.

भित्र्या कुत्र्याला पाहुण्यांसमोर धरून ठेवू नये आणि पाहुण्यांना त्याच्या डोक्यावर हात फिरवायला सांगू नये. पाहुणे येण्यापूर्वी त्याला मागच्या खोलीत किंवा गोठ्याच्या बाजूला नेऊन ठेवावे, आणि लोक दुरून दिसत असताना, तो शांत असेतोच, त्याला आवडीचे खायला द्यावे. हे अंतर आठवड्याआठवड्याने कमी करावे. गुरगुरल्याबद्दल मारू नये. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते, आणि ती मारून बंद केली की तो पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

मात्र वागणे एकाएकी, काही दिवसांत बदलले असेल, कुत्रा कारण नसताना चावत असेल, लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल, जबडा लोंबत असेल किंवा गिळता येत नसेल, तर तेथे नसबंदीचा विचार बाजूला ठेवून रेबीजची शंका घ्यावी. घशात हाड अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नये, कुत्र्याला कोंडून ठेवावे आणि पशुवैद्यकांना कळवावे. चावलेल्या माणसाची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी. घरच्या कुत्र्याची नसबंदी झाली म्हणजे रेबीजची लसही दिली गेली, असे गृहीत धरू नये; कार्डावरील तारीख पाहावी. मोकाट कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी आणि रेबीजची लस दोन्ही दिली जातात व ओळखीसाठी कानाला खाच करतात, पण त्यांना दरवर्षीची लस मिळतेच असे नाही.

डॉक्टरांकडे जाताना "चिडकी झाली" किंवा "फरक नाही" एवढेच सांगितले, तर त्यांना फारसे काही करता येत नाही. शस्त्रक्रियेची तारीख, मादी असल्यास आधीच्या माजाची तारीख, वागणे केव्हा घडते, त्याच्या आधी काय झाले होते आणि नंतर आपण काय केले, एवढे एका वहीत लिहून न्यावे, आणि शक्य असेल तर मोबाइलवर चित्रफीत काढावी. बापूंनी घरातील जुन्या कॅलेंडरवर काळू ज्या रात्री बाहेर राहिला, त्या तारखांना गोल करायला सुरुवात केली. पहिल्या भाद्रपदात अकरा गोल होते. यंदा दोन आहेत, आणि त्यातला एक, बापूंच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनी स्वतःच कुंपणाचे फाटक उघडे ठेवल्याचा आहे.